फिट आहे, फिट आली

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर, मुलुंडला बसतात. त्यांची केबिन एवढी छोटी की मी, माझा नवरा संकेत आणि माझ्या सासूबाई असे तिघं आत गेलो तर दार लागेना. डॉक्टरबाईंनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली, पुन्हा पाकिटात सरकवली आणि म्हणाल्या, "एपिलेप्सी आहे. मराठीत अपस्मार. आपण घरात फिट येणं म्हणतो, तेच."

संकेत म्हणाला, "पण मॅडम, मी फिट आहे."

तो जोक मारत नव्हता. माझा नवरा प्रोफेशनल फुटबॉलर. सेंटर बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्याला अडवणारा. त्याच्या जगात फिट या शब्दाचा एकच अर्थ. फिट असलास तर टीममध्ये नाव, नाव लागलं तर मॅचचे पैसे. दहा-बारा वर्षं रोज सकाळी कोणी ना कोणी त्याला विचारायचं, "फिट ना?" आणि हा म्हणायचा, "फिट." गुडघा सुजलेला असला तरी फिट, ताप असला तरी फिट.

डॉक्टर मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "शरीर फिट आहे तुमचं. फिटही येते. दोन्ही खरं आहे." मी त्या वेळी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो आजही पूर्ण गेलेला नाही. मला लिहायची सवय नाही. पण ज्यांच्या घरात हे झालंय किंवा उद्या होईल त्यांच्यासाठी लिहितेय, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या.

सुरुवात नेमकी कधी झाली ते आम्हाला सांगता येत नाही. बऱ्याच घरांत असंच असतं, असं मॅडम म्हणाल्या.

आदल्या सीझनला एका कॉर्नर किकला संकेतचं आणि समोरच्या पोराचं डोकं डोक्यावर आपटलं. भुवईच्या वर फुटलं. टीमच्या फिजिओने पट्टी गुंडाळली आणि याला परत आत सोडलं. याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. पण याच्या जागेवर खेळायला बेंचवर एक तगडा पोरगा बसलेला होता, आणि एकदा बाहेर बसलं की परत आत कधी जायला मिळेल याची गॅरंटी कोण देणार? बसमध्ये त्याला उलट्या झाल्या. मला फोनवर म्हणाला, जेवण बाधलं.

लोकांना वाटतं फुटबॉलर म्हणजे मजा. टीव्हीवर दिसतो ना! आमच्या नात्यातला एक जण तर गाडी घ्यायला आमच्याकडे पैसे मागायला आला होता. त्याला काय सांगणार, की संकेतचा पगार दोन दोन महिने उशिरा येतो, त्यातला एक भाग एजंट घेतो, आणि कॉन्ट्रॅक्ट एका सीझनचं असतं? मुलुंडचा फ्लॅट आम्ही लोनवर घेतला होता. नणंद नर्सिंग कॉलेजला होती, तिची फी आम्हीच भरत होतो. माझा पगार, मी एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात आहे, किराणा आणि सोसायटीच्या मेंटेनन्समध्येच संपायचा. बाकी सगळं घर संकेतच्या पायांवर उभं होतं आणि ते पाय फार तर अजून पाच-सहा वर्षं चालणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यावर आम्ही बोलायचो नाही.

मग कधी कधी सकाळी उठला की त्याच्या जिभेची कड चावलेली असायची. उशीवर रक्ताचा ठिपका. अंग ठेचल्यासारखं दुखायचं. तो म्हणायचा तोंड आलंय, ट्रेनिंग जास्त झालं. मी ग्लिसरीन आणून द्यायचे. बोलता बोलता मध्येच थांबायचा, एका जागी बघत राहायचा, ओठ चाटायचा आणि मग "काय म्हणालीस?" मला वाटायचं हा माझं ऐकत नाहीये. लग्नाला तीन वर्षं झाली की कुठल्याही बाईला असं वाटतंच. झोपेतली फिट अशी दिसते आणि जागेपणी काही सेकंद असं हरवणं हीसुद्धा फिटच असते, हे मला नंतर कळलं. तुमच्या घरात असं काही दिसलं तर ग्लिसरीनवर भागवू नका.

ज्या दिवशी तो सगळ्यांसमोर पडला, ती मॅच अंधेरीला होती. मी हाफ डे टाकून गेले होते. दुसऱ्या हाफमध्ये बॉल लांब होता आणि संकेत नुसता उभा होता. याच्या बाजूने समोरचा पोरगा पळत गेला तरी हा वळला नाही. मागून एक माणूस ओरडला, "अरे झोपला काय हा!" मला त्या माणसाला फटकवावंसं वाटलं, आणि तेवढ्यात संकेत सरळ मागे कोसळला आणि त्याला झटके यायला लागले.

पुढचं मी जाळीला धरून बघितलं. आपली पोरं धावत आली, सगळी चांगली पोरं, त्याच्यावर जीव असलेली. त्यांनी काय काय नाही केलं! जीभ गिळेल म्हणून गोलकीपरने त्याच्या तोंडात बोटं घातली आणि संकेतने ती चावली. त्या बिचाऱ्याला टाके पडले. एकाने बूट काढून नाकाला लावला. दोघांनी पाय दाबून धरले. डॉक्टर येईपर्यंत फिट आपोआप थांबली होती. ती बहुतेक वेळा आपोआपच थांबते.

इमर्जन्सीमध्ये शुगर बघितली, सोडियम बघितलं, सीटी स्कॅन केला. डोक्यात रक्तस्राव नाही म्हणाले. संकेतला काही आठवत नव्हतं. तो सारखा एकच विचारत होता, स्कोअर काय झाला. मी सांगायचे, तो दोन मिनिटांनी परत विचारायचा.

बाहेर बाकड्यावर सासूबाई बसल्या होत्या. त्या महापालिकेच्या शाळेत आया होत्या, आता रिटायर आहेत. मूळच्या सावंतवाडीकडच्या. घाबरल्या की त्यांचं बोलणं मालवणीवर जातं. मी त्यांना म्हटलं, आई, असं कधी झालंच नव्हतं हो. तर त्या म्हणाल्या, "झालेला. तू कामाक गेललंस तेव्हा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन आठवड्यांपूर्वी संकेत सुट्टीवर घरी होता आणि सासूबाई घाटकोपरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या, तेव्हा सकाळी चहा घेता घेता त्याला फिट आली होती. त्यांनी चप्पल हुंगवली, हातात किल्ल्या दिल्या, तो शुद्धीवर आला. आणि शुद्धीवर आल्या आल्या आईला शपथ घातली, सायलीला सांगायचं नाही. सायली म्हणजे मी.

मी म्हटलं, मला नाही तर नाही, क्लबला तरी सांगायचं ना. यावर सासूबाई चक्क दुखावल्या. "अगो, मी तेंका सांगितलंय! तो मॅनेजर व्हेरी गुड म्हणालो."

आता नीट ऐका, कारण आमच्या आयुष्याची वाट या एका फोनने लागली. त्याच दिवशी संकेत अंघोळीला गेला होता तेव्हा टीमचे मॅनेजर बिजू सर यांचा फोन आला. ते केरळचे. हिंदी त्यांचं जेमतेम, सासूबाईंचंही जेमतेम. त्यांनी विचारलं, संकेत फिट है ना? सासूबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, हां, सुबह फिट आया था, अब एकदम अच्छा है. बिजू सरांना वाटलं, सुट्टीवरून पोरगा फिट होऊन आला. ते म्हणाले व्हेरी गुड, परसों भेज दो. सासूबाईंना वाटलं, क्लबला सगळं कळलंय, एवढे मोठे लोक व्हेरी गुड म्हणतायत म्हणजे काळजीचं कारण नाही. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि मुलासाठी डब्यात लाडू भरले.

मी त्यांच्यावर चिडू कशी? त्यांनी एकट्यांनी, आमच्या सगळ्या घरात, खरं सांगितलं होतं.

मग तपासण्या. एमआरआयच्या मशीनमध्ये तो पडला तेव्हा बाहेरच्या वेटिंगमध्ये एसी इतका जोरात होता की सगळे नातेवाईक ओढण्या आणि टॉवेल गुंडाळून बसले होते. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. त्यासाठी आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात आणि डोक्याला चिकट पेस्ट लावून वायर जोडतात. दुखत नाही, पण ती पेस्ट केसांतून निघता निघत नाही. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला जुना व्रण दिसला. मॅडम म्हणाल्या, डोक्याला मार लागल्यामुळे असू शकतो, अगदी ठामपणे सांगता येणार नाही.

"असू शकतो" या शब्दांवर आमचं पुढचं वर्ष अडकलं.

कारण क्लबच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये इन्जुरी वेगळी आणि इलनेस वेगळा. खेळताना लागलं तर ती इन्जुरी, पगार चालू. आपोआप झालं तर इलनेस, पगार बंद. वांद्र्याच्या त्यांच्या ऑफिसात एक गोड बोलणारे साहेब आम्हाला कॉफी पाजत समजावत होते की आम्हाला संकेतबद्दल फार आदर आहे, पण रिपोर्टमध्ये ठाम लिहिलेलं नाही. वर तुम्ही आजार लपवलात. मी म्हटलं, याच्या आईने तुमच्या मॅनेजरला फोनवर सांगितलं होतं, विचारा. बिजू सर तिथेच बसले होते. बिचाऱ्यांचा चेहरा पडला. खोटं बोलले नाहीत, हो म्हणाले, फोन झाला होता, मला उलटा अर्थ लागला. साहेब म्हणाले, मग तो गैरसमज झाला, कळवणं नाही झालं.

याच्या डोक्याला पट्टी बांधून आत सोडलं तेव्हा मात्र यांच्यात कोणाचा गैरसमज झाला नव्हता. हे मी तिथे बोलले नाही. संकेत टेबलाखालून माझा हात दाबत होता, कारण त्याला अजून वाटत होतं की पुढच्या सीझनला बोलावतील. नाही बोलावलं. कोणी नाही म्हणालंसुद्धा नाही. फोन यायचे बंद झाले, एवढंच.

गोळी सुरू झाली, लेव्हेटिरासिटॅम. मेंदूतली गडबड आवरणारी गोळी, सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. एक चुकली तरी फिट येऊ शकते. झोप पूर्ण हवी. बाइक चालवायची नाही. बाथरूमची कडी लावायची नाही. या शेवटच्या गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त संताप यायचा. गोळीने काही जणांची चिडचिड वाढते हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तरी घरात रिमोट भिंतीवर आपटला की हा राग गोळीचा की याचा, हे कुठे शोधणार? मीही काही संत नाही. मीही आपटायचे.

सल्ले देणाऱ्यांची तर रांगच लागली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे. कोणी म्हणालं लग्नाआधी माहीत असणार, बायकोला फसवलं. सासूबाई संकेतला गावाला घेऊन गेल्या आणि देवळात गाऱ्हाणं घालून आल्या. त्याला माझी ना नव्हती. मी फक्त म्हटलं, आई, देवाला सांगा, पण गोळ्यांचा डबा बरोबर न्या. त्यांनी नेला आणि देवासमोरच त्याला गोळी दिली.

त्याला सगळ्यात जड काय गेलं सांगू? तो शब्द बोलणं. एपिलेप्सी नाही, अपस्मार नाही, फिटही नाही. जुन्या मित्रांना सांगायचा गुडघ्याचं आहे. शेजाऱ्यांना सांगायचा ब्रेक घेतलाय. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "फुटबॉल बंद असं मी म्हणत नाही. वर्षभर फिट आली नाही तर बघू. पण लपवणं बंद. मैदानावर तुमच्या शेजारी जो उभा आहे त्याला माहीत हवं." हा मान डोलवायचा आणि बाहेर येऊन परत गुडघाच सांगायचा.

आणि मग एजंटचा फोन आला. पूर्वेकडच्या एका राज्यातला क्लब, पैसे आधीपेक्षा बरे, मेडिकल तो मॅनेज करणार. फक्त तोंड बंद ठेवायचं. तोवर आमचे दोन हप्ते थकले होते आणि बँकेचा माणूस माझ्या ऑफिसच्या नंबरवर फोन करायला लागला होता. संकेतने बॅग भरली. मी बॅगेसमोर उभी राहिले. तिथे तू पडलास तर तुला कुशीवर कोण वळवणार, एवढंच विचारलं.

तो बॅगेवरच बसला. म्हणाला, "सांगितलं तर घेणार नाहीत. नाही सांगितलं तर मरेन. तिसरं काहीतरी दे ना मला, सायली."

आम्ही दोघं तिथेच लादीवर बसून राहिलो. एजंटचा फोन वाजत राहिला, शेवटी संकेतने तो बंद केला. तो गेला नाही. पण गेला नाही म्हणजे त्याने मोठा निर्णय घेतला वगैरे असं काही नाही. त्याच्यात उठायचीच ताकद नव्हती.

फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही घाटकोपरला सासूबाईंच्या खोलीत राहायला आलो. भाड्यातून हप्ता जायला लागला. संकेत सकाळी एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवायचा, तिथेही गुडघ्याचंच कारण सांगितलेलं. शाळेतल्या एका बाईंना खरं मी सांगून ठेवलं होतं, त्याच्या नकळत. वर्ष उलटून गेलं. फिट आली नाही. मॅडमनी पुन्हा ईईजी केला, गोळी चालूच ठेवायला सांगितली आणि खेळायला हो म्हणाल्या. अट तीच.

खेळणार कुठे? तर पीटर सर म्हणून एक जुने कोच आहेत, संकेतला लहानपणी त्यांनीच खेळवलं. ते एका कंपनीची टीम बघतात. टीव्हीवर दिसणारी टीम नव्हे. मॅचचे थोडे पैसे आणि सीझन बरा गेला तर कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर नोकरी. मी त्यांना भेटून सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला चालेल, पण टीमला मी सांगणार नाही, तू पण नाही. त्याने सांगायचं. नाही सांगितलं तर मी खेळवणार नाही.

पहिल्या मॅचच्या दिवशी मी गेले. मैदानाच्या कडेला पोरं बूट बांधत बसली होती. पीटर सरांनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतः लांब जाऊन पाणी प्यायला लागले. संकेत उभा राहिला. मान खाली. बुटाच्या टोकाने माती उकरत होता. मला वाटलं, हा आता गुडघाच सांगणार.

"मला फिट येते," तो म्हणाला. "वर्षभर आली नाही. पण येऊ शकते." मग भराभर सांगून टाकलं, शाळेतल्या मुलासारखं पाठ केलेलं. पडलो तर कुशीवर वळवा. डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा. तोंडात बोट नाही, पाणी नाही, नाकाला बूट, कांदा काही नाही. दाबून धरायचं नाही. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर ॲम्ब्युलन्स. तुम्हीही एवढंच लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल.

मी तर डोळेच मिटले. बिचारा, हाय रे देवा, आता ही पोरं कीव करणार, नाहीतर उठून दुसरीकडे बसणार.

मग त्यांचा राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूने अडवणारा, भांडुपचा एक किडकिडीत पोरगा, कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे भाई. पण तू पडला तर तुझा मॅन कोण घेणार?" मॅन म्हणजे ज्याला संकेतने अडवायचं तो.

संकेतने मान वर केली. "तू घेणार. आत सरकायचं."

"मी सरकलो तर माझी बाजू उघडी ना!"

"म्हणून विंगरने खाली यायचं. तो येतो का कधी?"

विंगर, म्हणजे पुढे कडेने पळणारा, म्हणाला तो नेहमी येतो. यावर दोघं-तिघं हसले. गोलकीपर म्हणाला एवढं कशाला, भाई पडला की बॉल सरळ बाहेर मारा, रेफरी थांबवेल. राइट बॅक म्हणाला आणि आपण काउंटरवर, म्हणजे बॉल हिसकावून गोलकडे पळत असलो तर? मग सगळे एकदम बोलायला लागले. संकेतने पाण्याच्या बाटल्यांची झाकणं काढून खेळाडू म्हणून मातीत मांडली आणि उकिडवा बसला.

क्लबमध्ये, ऑफिसात, हॉस्पिटलात, नात्यात, सगळ्यांनी त्याला आजारी माणसाचे प्रश्न विचारले होते. मीसुद्धा. या पोराने त्याला फुटबॉलरचा प्रश्न विचारला. त्या किडकिडीत पोराचे उपकार मी कसे फेडणार, मला माहीत नाही. आमचे प्रश्न सुटलेले नाहीत. नोकरी मिळेल की नाही ठाऊक नाही, क्लबशी इन्जुरी-इलनेसचं भांडण चालूच आहे आणि त्या गोड साहेबांवरचा माझा राग तसाच आहे.

पण तेव्हा मी जाळीपाशी उभी होते आणि माझा नवरा मातीत झाकणं सरकवत, विंगरला शिव्या घालत, घसा फोडून ओरडत होता, "अरे मी पडलो तर! मी पडलो तर म्हणतोय मी, ऐक ना नीट!"